९९ टक्के ॲक्युरसी? जरा थांबा!

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे दिवस आले की लॅबमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आपला प्रोग्रॅम एक्स-रे बघून रोग ओळखतो, ॲक्युरसी ९९ टक्के!" व्हायवाला हा आकडा भारदस्त वाटतो खरा. पण मला विचाराल, तर नुसत्या या आकड्याला काडीचाही अर्थ नाही. कसा, ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

स्तनाचा कॅन्सर लवकर कळावा म्हणून जो एक्स-रे काढतात, त्याला मॅमोग्राफी म्हणतात. जुनी फिल्म चांगली की नवं डिजिटल तंत्र, हे ठरवायला अमेरिका आणि कॅनडातल्या ३३ केंद्रांवर 'डीमिस्ट' नावाचा अभ्यास झाला. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. नाव नोंदवलं ४९,५२८ स्त्रियांनी, पूर्ण माहिती मिळाली ४२,७६० जणींची आणि कॅन्सर निघाला ३३५ जणींना.

आता गंमत बघा. फोटो न बघताच सगळ्यांना "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगून टाकलं, तरी ॲक्युरसी येते ९९.२ टक्के! आणि सापडलेले रोगी शून्य. म्हणून दोन आकडे वेगळे मोजावे लागतात. रोग असलेल्यांपैकी किती पकडले, ही सेन्सिटिव्हिटी. रोग नसलेल्यांपैकी कितींना बरोबर 'नॉर्मल' म्हटलं, ही स्पेसिफिसिटी. संशयाची रेषा खाली आणली की पहिली वाढते, पण दुसरी घसरते. ही रेषा सरकवत जो आलेख मिळतो, तो आरओसी कर्व्ह. मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमध्ये. त्याखालचं क्षेत्रफळ १ असेल तर चाचणी अचूक, ०.५ असेल तर नुसता छापा-काटा.

पण खरी मेख आहे ती अभ्यासाच्या आखणीत. डीमिस्टमध्ये प्रत्येक स्त्रीची दोन्ही तंत्रांनी तपासणी झाली, त्यामुळे वय आणि शरीररचना यांतला फरक आपोआप बाद झाला. दोन फोटो दोन वेगळ्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचले. एकाच डॉक्टरने वाचले असते, तर पहिल्या फोटोत दिसलेली गाठ दुसऱ्यातही 'दिसली' असती!

आणि रोग खरोखर आहे की नाही, हे ठरवायचं कसं? संशय आला तर बायोप्सी करता येते. पण बाकी हजारो जणींवर विनाकारण सुई कशी चालवणार? आणि त्यांना तसंच सोडलं, तर निसटलेले कॅन्सर कधी कळणारच नाहीत आणि सेन्सिटिव्हिटी फुगून दिसेल. म्हणून त्यांची निदान १० महिन्यांनी पुन्हा मॅमोग्राफी केली.

निकाल काय लागला? सगळ्या स्त्रिया मिळून डिजिटलचं क्षेत्रफळ ०.७८, फिल्मचं ०.७४, एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत ०.८४ विरुद्ध ०.६९! म्हणजे "कोणतं तंत्र चांगलं" याचं उत्तर "कोणासाठी" हे विचारल्याशिवाय मिळत नाही.

तेव्हा दोस्तांनो, प्रोजेक्ट रिपोर्टात ९९ टक्के लिहिण्याआधी एवढं तपासा: रोगी किती होते, खरं उत्तर कोणी आणि कसं ठरवलं, आणि ते उत्तर प्रोग्रॅमला आधीच माहीत तर नव्हतं ना? मार्क कदाचित तेवढेच पडतील. पण उद्या तुमचा प्रोग्रॅम एखाद्या दवाखान्यात बसला, तर त्यातून निसटलेली केस कोणाची तरी आई असेल.