सागरांतील पर्वत आणि जीवांची खतावणी

पंख छाटले जाण्याच्या भयानें समुद्रांत दडून राहिलेल्या मैनाक पर्वताची कथा आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असते. सुंदरकांडांत तोच पर्वत हनुमंतास विसांवा देण्याकरितां पाण्यावर येतो. पुराणकवीचा मैनाक एकटा आहे. अर्वाचीन शास्त्रज्ञांचे मैनाक मात्र हजारोंनीं मोजावे लागतात. समुद्राच्या तळापासून निदान एक हजार मीटर उंच उठलेला, पण ज्याचा माथा पाण्याबाहेर आला नाहीं, अशा पर्वतास इंग्रजींत ‘सीमाउंट’ म्हणतात. आपण त्यास सागरपर्वत म्हणूं. ह्यांतील बहुतेक विझलेले ज्वालामुखी आहेत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोजणींत त्यांची संख्या ३३,४५२ भरली. पुढें २०२३ सालीं दुसऱ्या एका संशोधकमंडळीनें आपल्या हाताशीं असलेल्या जुन्या यादींत नसलेले आणखी १९,३२५ पर्वत दाखवून दिले.

पाण्याखालीं न उतरतां इतके पर्वत सांपडले कसे, अशी शंका सुज्ञ वाचकांस येईल. पर्वताच्या दगडी राशीचें गुरुत्वाकर्षण भोंवतालच्या पाण्यास आपल्याकडे ओढतें व त्यामुळें त्याच्या माथ्यावर समुद्राचा पृष्ठभाग एकदोन मीटर फुगतो. हा फुगवटा नावाड्यास दिसत नाहीं, पण उपग्रहास मोजतां येतो. मात्र पर्वत आहे एवढेंच उपग्रह सांगूं शकतो. त्यावर कोण राहतें, हें त्यास दिसत नाहीं. त्यासाठीं जहाज न्यावें लागतें, मैल मैल दोर सोडावा लागतो, जाळें किंवा कॅमेरा काळोखांत उतरवावा लागतो. हा खर्च मोठा, म्हणून ज्यांवरील जीवांची नीट पाहणी झाली असे पर्वत कांहीं शेंकड्यांपलीकडे जात नाहींत. बाकीच्या हजारों पर्वतांविषयीं आपलें ज्ञान ‘तो आहे’ एवढ्यावरच संपतें.

जी थोडी माहिती गोळा झाली तीहि पूर्वीं विखुरलेली होती. कांहीं सफरींच्या अहवालांत, कांहीं संग्रहालयांतील बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत, तर कांहीं परभाषेंतील जुन्या मासिकांत. ह्या शतकाच्या आरंभीं सॅन डिएगो येथील कॅरन स्टॉक्स ह्या विदुषींनीं ती एकत्र करून ‘सीमाउंट्स-ऑनलाइन’ ह्या नांवाचें संगणकीय भांडार उभारलें. पर्वताचें नांव द्यावें आणि त्यावर सांपडलेले जीव मिळावे, किंवा जीवाचें नांव द्यावें आणि तो ज्यांवर सांपडला ते पर्वत मिळावे, अशी ती सोय होती. सागरी जीवांची जागतिक शिरगणती २००० ते २०१० ह्या दशकांत झाली, तिच्यांतूनच ‘ओबिस’ हें फार मोठें कोठार निर्माण झालें. तें आज युनेस्कोच्या सागरविषयक आयोगाच्या छत्राखालीं चालतें व त्यांत दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत. तें सर्वांस विनामूल्य खुलें आहे. घरांत ज्या यंत्रावर मुलें नाटकसिनेमे पाहतात त्याच यंत्रावर तें उघडतें. एखाद्या सुटीच्या दिवशीं त्यांच्याकडून तें उघडवून घ्यावें, अशी आमची शिफारस आहे.

शोधाची रीत सोपी आहे. जीवाचें शास्त्रीय नांव लिहावें, किंवा नकाशावर इष्ट प्रदेशाभोंवतीं चौकट आंखावी, हवें तर खोलीची व सालांची मर्यादा घालावी. क्षणार्धांत नकाशावर ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे खतावणींतील एक ओळ: अमुक जीव, अमुक अक्षांश-रेखांशावर, अमुक दिवशीं, इतक्या खोलीवर सांपडला, नमुना अमुक संस्थेंत आहे. सगळ्याच ओळी परिपूर्ण नसतात. कोठें खोली नसते, कोठें नुसत्या कुळाचें नांव देऊन लेखक मोकळा झालेला असतो. तथापि एखाद्या जुन्या सफरींतील कोणा अज्ञात कारकुनानें टिपलेली ओळ आपल्या माजघरांत वाचावयास मिळते, ह्याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

नांवांविषयीं मात्र सावध असावें. ज्यांनीं लहानपणीं अमरकोश घोकला आहे त्यांस एका वस्तूचीं दहा नांवें असूं शकतात हें सांगावयास नको. शास्त्रज्ञांचाहि तोच संसार आहे. खोल थंड पाण्यांत राया उभारणारें एक पांढरें पोवळें ‘लोफेलिया पर्टुसा’ ह्या नांवानें पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होतें. २०१६ सालीं त्याचें गोत्र बदलून तें ‘डेस्मोफायलम पर्टुसम’ झालें. जुनें नांव कोणतें व आज मान्य कोणतें ह्याचा निवाडा करणारी एक स्वतंत्र जागतिक नामावली बेल्जममधील ओस्टेंड येथून राखली जाते. शोधाआधीं ती पाहिली म्हणजे बरेच घोटाळे टळतात. व्यापारी नांवांची गंमत निराळीच. सागरपर्वतांवर थव्यांनीं जमणारा ‘होप्लोस्टेथस अ‍ॅटलांटिकस’ हा मासा ज्या कुळांतला, त्या कुळाचें इंग्रजी नांव ‘बुळबुळीत डोक्याचे’ अशा अर्थाचें आहे. तें ऐकून ताटांत कोण वाढून घेणार? म्हणून बाजारांत तो ‘ऑरेंज रफी’ झाला. हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि वयांत येण्यास त्यास तीसेक वर्षें लागतात. न्यूझीलंडच्या आसपास १९७० नंतरच्या दशकांत त्याची मोठी मासेमारी सुरू झाली, व तळ खरडीत जाणाऱ्या जड जाळ्यांनीं थवे तर उपसलेच, शिवाय शेंकडों वर्षांचीं पोवळींहि मोडलीं.

आतां मुख्य मुद्दा. एखाद्या सागरपर्वताभोंवतीं आपण चौकट आंखली आणि एकहि ठिपका उमटला नाहीं, तर काय समजावें? उतावळा मनुष्य म्हणेल, तेथें कांहीं नाहीं. आपल्या भाट्ट मीमांसकांनीं ह्याच प्रश्नाचा शतकांपूर्वीं बारकाईनें खल केला आहे. अभावाचें ज्ञान होण्यास त्यांनीं ‘अनुपलब्धि’ हें स्वतंत्र प्रमाण मानलें, पण त्यास एक अट घातली. ती अनुपलब्धि योग्य पाहिजे. म्हणजे वस्तु तेथें असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिति पाहिजे. लख्ख उजेडांत जमिनीवर घट दिसत नाहीं, तर घट नाहीं असें म्हणावें. अंधाऱ्या कोठींत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून तसें म्हणतां येत नाहीं. ज्या पर्वतावर जहाजच गेलें नाहीं त्याची कोरी चौकट ही अंधारी कोठी होय.

ह्याच्या उलट बाजूचा मोहहि तितकाच मोठा आहे. २००० सालीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत टास्मन समुद्र व कोरल समुद्र ह्यांतील सागरपर्वतांवरील ८५० हून अधिक जातींचा वृत्तांत आला. त्यांपैकीं २९ ते ३४ टक्के जाती शास्त्रास नव्या, व म्हणून कदाचित् केवळ त्याच पर्वतांवर राहणाऱ्या, असा अंदाज लेखकांनीं मांडला. अंदाज सावधपणें मांडलेला होता, पण पुढें लोकांनीं त्यांतला ‘कदाचित्’ गाळला व प्रत्येक सागरपर्वत म्हणजे जीवांचें एकाकी बेट असें बोलूं लागले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर डेव्हिडसन नांवाचा पर्वत आहे. ‘सीमाउंट’ ही संज्ञा १९३८ सालीं प्रथम त्याच्याच नांवास जोडली गेली. तेथें कॅमेऱ्यांनीं पुष्कळ तपास होऊन यादी इतर ठिकाणांच्या नोंदींशीं ताडून पाहिली, तेव्हां बहुतेक जाती अन्यत्रहि राहणाऱ्या निघाल्या. ‘येथेंच आहे’ ह्या विधानांत ‘इतरत्र नाहीं’ हें विधान गुप्त असतें; तें सिद्ध करावयास इतरत्रहि दिवा नेला पाहिजे.

मग खरा अभाव कधींच कळत नाहीं काय? कळतो. न्यूझीलंडच्या पूर्वेस चॅथम राइज ह्या उंचवट्यावर टेकड्यांचा एक समूह आहे. उंचीनें त्या सागरपर्वताच्या व्याख्येस पुरत नाहींत, पण उदाहरण उत्तम आहे. त्यांचीं नांवें ग्रेव्हयार्ड, मॉर्ग, झाँबी, म्हणजे स्मशान, प्रेतगृह, वेताळ अशा तऱ्हेचीं आहेत; ठेवणाराची विनोदबुद्धि अंमळ अमंगळच म्हणावयाची. २००१ सालीं ह्यांपैकीं मॉर्गसह कांहींवर जाळीं ओढण्यास बंदी झाली. शास्त्रज्ञ तेथें वारंवार गेले, त्याच टेकड्यांवर कॅमेरे उतरविले. न नांगरलेल्या टेकड्यांवर पोवळ्यांच्या राया दिसल्या. नांगरलेल्यांवर मोडतोड व उघडा खडक. २०१५ च्या पाहणीपर्यंत मॉर्गवर त्या राया फारशा परतल्या नव्हत्या. येथें दिवा होता, डोळे होते, पुन्हां पुन्हां पाहणें होतें. ही योग्य अनुपलब्धि. ओबिसच्या खतावणींतहि ‘पाहिलें व नव्हतें’ अशी नोंद करण्याचें निराळें घर आहे, पण तें भरणारे थोडे. न सांपडलेला मासा टिपून ठेवण्याचा कंटाळा देशोदेशींच्या पंडितांस सारखाच दिसतो.

आपल्या समुद्राकडे वळूं. अरबी समुद्रांतील उंचवट्यांस रामन, पणिक्कर, वाडिया हीं आपल्या शास्त्रज्ञांचीं नांवें आहेत. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांचें हें काम. परंतु हिंदी महासागराच्या खोल भागांत जीवांच्या नोंदी अटलांटिकच्या मानानें अत्यंत विरळ आहेत. विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस अफनासी निकितीन हा प्रचंड सागरपर्वत आहे. ज्या रशियन व्यापाऱ्याचें नांव त्यास दिलें, तो पंधराव्या शतकांत आपल्या चौल बंदरीं उतरून जुन्नरमार्गें बिदरास गेला होता. ह्या पर्वताच्या अंगावर कोबाल्टयुक्त खनिजाचें कवच आहे, आणि त्याच्या शोधाकरितां जमैकांतील आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाकडे जानेवारी २०२४ मध्यें भारतानें अर्ज केला. कोबाल्ट विजेच्या मोटारींच्या घटांत लागतें, आणि तें परदेशांतून आणावें लागतें, हें आम्ही जाणतों. अर्ज करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण कवच खरवडलें कीं त्यावर चिकटून राहणारें सर्व त्याबरोबर जातें. म्हणून उद्यां एखाद्या अहवालांत ‘ह्या भागांत उल्लेखनीय जीव आढळले नाहींत’ असें वाक्य आलें, तर आपल्या घरांतील सुशिक्षित मुलामुलींनीं दोन गोष्टी विचारून घ्याव्या: किती ठिकाणीं कॅमेरा उतरविला होता, आणि त्या ओळी खतावणींत कोठें आहेत.