व्हिप मोडला, खासदारकी शाबूत

आज ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायमूर्तींकडे वळायचं, असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. मधल्या काळात साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेवून पुढे गेलो, तर पुढचं सगळंच अधांतरी राहील. ते लिहितात, ‘‘१५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट करारावर त्यांच्याच पक्षाच्या ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं, असं तुम्ही सांगितलंत. मग त्यांची खासदारकी गेली कशी नाही? तिकडे व्हिप नसतो का?’’

असतो. किंबहुना ही चीज मूळची तिकडचीच. दर आठवड्याला पक्षाच्या प्रतोदांकडून खासदारांना कामकाजाचं पत्रक जातं. एखाद्या विषयाखाली एक रेघ असली, तर जमल्यास या. तीन रेघा असल्या, तर आजारपणाची सबबही सहजी चालत नाही. यायचं आणि सांगितलं तसंच मत द्यायचं. हा पक्षादेश म्हणजे व्हिप. तो मोडला तर जास्तीत जास्त काय होईल? ‘व्हिप काढून घेतला’ जातो. म्हणजे संसदीय पक्षातून हकालपट्टी. खासदार अपक्ष म्हणून बसतो, पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळत नाही. पण जागा त्याचीच राहते, कारण ती त्याला मतदारसंघाने दिलेली असते, असं ते मानतात.

आपल्याकडे १९८५ मध्ये राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली आणि पक्षादेश मोडणं म्हणजे सदस्यत्वच पणाला लावणं झालं. म्हणून तर शिवसेनेतल्या फुटीनंतर खरा प्रतोद कोणाचा, हा वाद २०२२ मध्ये मुंबईहून निघून थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि मे २०२३ मध्ये त्यावर निकाल आला. लंडनमध्ये असल्या प्रश्नासाठी कोणी कोर्टाची पायरी चढणार नाही.

मग तिकडचा पंतप्रधान आपली माणसं धाकात ठेवतो कशी? त्याच्या हातात एक जुनं हत्यार होतं. विषय सरकारच्या विश्वासाचा करायचा आणि सांगायचं, हे पडलं तर सरकार पडेल, मग चला निवडणुकीला. जुलै १९९३ मध्ये जॉन मेजर यांनी हेच केलं. युरोपीय संघाच्या मास्ट्रिख्ट करारावरून स्वपक्षीय बंडखोरांनी त्यांना रात्री हरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विश्वासाचा ठराव आणला आणि ३३९ विरुद्ध २९९ मतांनी जिंकला. बंडखोरांनी निमूटपणे हात वर केले.

२०११ मध्ये डेव्हिड कॅमेरन यांच्या आघाडी सरकारने संसदेची मुदत पाच वर्षं ठरवून टाकणारा कायदा केला आणि ते हत्यार बोथट झालं. तो २०२२ मध्ये रद्द होईपर्यंत मुदतीआधी निवडणूक हवी तर एकतर सभागृहाच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागायची, नाहीतर ठरलेल्या शब्दांतलाच अविश्वास ठराव. ‘करार मंजूर करा, नाहीतर निवडणूक’ असं दरडावायची सोयच मे यांना उरली नाही. परिणाम काय झाला ते पाहा. १५ जानेवारीला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला, सरकारचा असा दारुण पराभव तिथे आधी कधी झाला नव्हता. आणि १६ जानेवारीला अविश्वास ठरावावर मे ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी तरल्या. आदल्या संध्याकाळी पाडणारे तेच, दुसऱ्या संध्याकाळी सावरणारेही तेच! सामान्य ब्रिटिश मतदार टीव्हीपुढे बसून हे पाहत होता. नेत्यांवरचा त्याचा विश्वास का उडाला, हे वेगळं सांगायला नको.

मार्च तर याहून वरताण निघाला. १३ तारखेला कराराशिवाय बाहेर पडण्याच्या मुद्द्यावर तीन रेघांचा व्हिप होता. सेरा न्यूटन या कनिष्ठ मंत्री बाईंनी विरोधात मत दिलं आणि राजीनामा दिला. मंत्रिमंडळातले चार जण मात्र मतदानालाच गेले नाहीत. ना त्यांनी खुर्ची सोडली, ना कोणी त्यांना सोडायला लावली. १४ तारखेला ब्रेक्झिट खात्याचे मंत्री स्टीव्ह बार्कले सरकारतर्फे उभे राहिले. युरोपकडे मुदतवाढ मागण्याचा सरकारी ठराव होता. चर्चेचा समारोप करताना त्यांनी सभागृहाला त्याची शिफारस केली आणि बसले. तिथे बटण दाबून मत देत नाहीत, दोनपैकी एका दालनातून चालत जावं लागतं. बार्कले उठले आणि ‘नाही’च्या दालनात शिरले. पक्षाने त्या मतदानाला मोकळीक दिलेली होती, त्यामुळे नियम काही मोडला नाही. पण मोडायला शिल्लक तरी काय होतं?

मे यांच्या जागी बोरिस जॉन्सन पंतप्रधान म्हणून आले आणि वारं फिरलं. ३ सप्टेंबर २०१९ ला त्यांचं भाषण चालू असतानाच फिलिप ली हे त्यांचे खासदार उठले, सभागृहाची मधली जागा ओलांडली आणि समोर लिबरल डेमोक्रॅट बाकांवर जाऊन बसले. सरकारचं बहुमत तिथल्या तिथे संपलं. त्या रात्री कामकाजाचा ताबा विरोधकांकडे देणाऱ्या ठरावावर सरकार ३२८ विरुद्ध ३०१ असं हरलं आणि पक्षाच्या २१ बंडखोरांचा व्हिप काढून घेतला गेला. त्यांत १९७० पासून खासदार असलेले केनेथ क्लार्क होते, सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत अर्थमंत्री असलेले फिलिप हॅमंड होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. सभागृह नेते जेकब रीस-मॉग त्या रात्री पहिल्या बाकावर आडवे पहुडल्याचं छायाचित्र जगभर गेलं.

आता गंमत बघा. हेच जॉन्सन आणि रीस-मॉग मे यांच्या तीनदा मताला आलेल्या कराराविरुद्ध दोनदा मत देऊन बसलेले. जॉन्सन यांच्या गृहमंत्री प्रीती पटेल तर तिन्ही वेळा. त्यांच्यापैकी कोणाचाही व्हिप गेला नव्हता. या २१ जणांना मात्र बाहेरची वाट!

संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या हॅन्सर्ड सोसायटीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५४ टक्के लोकांनी म्हटलं की, नियम मोडायला तयार असलेला खंबीर नेता देशाला हवा. या आकड्याकडे बोट दाखवून, तिकडे पक्षांतरबंदी असती तर बरं झालं असतं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्यांनी मताची किंमत मोजली त्यांच्यामुळे विश्वास गेला नाही. तो गेला किंमत न मोजणाऱ्यांमुळे, दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांमुळे. २०१४ मध्ये डग्लस कार्सवेल आणि मार्क रेकलेस मे-जॉन्सन यांचा हुजूर पक्ष सोडून युकिप या ब्रेक्झिटवादी पक्षात गेले, ते खासदारकीचा राजीनामा देऊन. पोटनिवडणूक लढवली आणि दोघेही जिंकले. कायद्याने तसं करणं बंधनकारक नव्हतं. उलट फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन्ही मोठे पक्ष सोडून स्वतंत्र गट काढणाऱ्या ११ जणांपैकी एकानेही मतदारांकडे परत जायची तसदी घेतली नाही.

मतदारांनी हिशेब डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत केला. त्या ११ जणांपैकी एकही परत आला नाही. फिलिप लीही पडले. २१ बंडखोरांपैकी १० जणांना निवडणुकीच्या तोंडावर पक्षात परत घेतलं होतं. त्यातले चार पक्षाच्या तिकिटावर लढून निवडून आले. अपक्ष उभे राहिलेले सगळे हरले. साताऱ्याच्या वाचकांना उत्तर मिळालं असेल अशी आशा आहे. सुप्रीम कोर्ट पुढच्या आठवड्यात, मधे आणखी एखादं पत्र आलं नाही तर.