अंत्यविधीच्या फुलांचा व्यवसाय: बोलायला कुणी तयार नसतं, म्हणून आज बोलू



हार-फुलांचं दुकान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लग्न येतं, गणपती-दसरा येतो. पण लग्नाला तारीख असते, मयताला नसते. बारा महिने, रात्री-अपरात्री लागणारं फूल म्हणजे अंत्यविधीचं. "अशुभ धंदा" म्हणून बरेच जण यात उतरत नाहीत. ज्या घरात कुणाला काही सुचत नसतं तिथं तुम्ही वेळेवर हार पोहोचवता, यात अशुभ काय, ते मला कळलेलं नाही.

सगळ्यात आधी, विचारून माल बनवा. आपल्या बीड जिल्ह्यात एकच पद्धत चालत नाही. वारकऱ्याच्या घरी तुळशीची माळ आणि बुक्का आधी, फुलं नंतर. सवाष्ण गेली तर गजरा लागतो. लिंगायत समाजात (मन्मथस्वामींची समाधी असलेलं कपिलधार आपल्याच जिल्ह्यातलं) देह बसवून नेतात आणि समाधी देतात. तिथं तिरडीच्या मापाचा हार घेऊन गेलात तर काय उपयोग? बौद्ध घरात पांढरी फुलं, मुस्लिम घरात कबरीवर फुलांची चादर. फोन आला की हळू आवाजात एवढंच विचारा, "तुमच्याकडं कसं करतात?" आडनावावरून अंदाज बांधू नका.

आता फूल. पाठीचा कणा म्हणजे शेवंती, कारण ती टिकते. झेंडू भरघोस दिसतो, पण ओला राहिला की देठापासून काळा पडून सडतो. निशिगंध वासासाठी, कळीतच घ्यायचा. गुलाबाच्या पाकळ्या आधीच सोडवून ठेवू नका, तपकिरी होतात. अख्खं फूल ठेवा, ऑर्डर आली की सोडवा.

आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खरी परीक्षा. बांबूची पाटी, तिला ओलं गोणपाट बाहेरून, फुलं आत कोरडी. पाणी फुलांवर नाही, गोणपाटावर मारायचं. जुना फ्रिज मिळाला तर उत्तमच, फक्त त्यात पिकलेली केळी किंवा आंबे ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूनं फुलं लवकर माना टाकतात. हार सुती दोऱ्यातच ओवा. तार आणि प्लॅस्टिक चितेवर जाता कामा नये. पुष्पचक्राला बांबूच्या कामट्यांचं कडं, त्यावर पेंढा, वर अशोकाची पानं आणि मग शेवंती.

३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे गेले आणि दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्कार झाले. प्रचंड गर्दी लोटली होती. असा दिवस सांगून येत नाही. म्हणून फुलं लावणारे दोन शेतकरी आणि शेजारच्या तालुक्यातले दोन दुकानदार यांचे नंबर आजच मोबाईलमध्ये टाका.

भावाचं स्पष्ट सांगतो. दसऱ्याला फूल महागलं तर हारही महागणार, ते लोकांना समजतं. पण रात्री दोनला आलेल्या माणसाकडून दुप्पट घेतलेत तर गाव विसरत नाही. दर पाटीवर लिहून ठेवा, रात्रीचे पोहोचवायचे पैसे वेगळे आणि आधीच सांगा. उधारी होणारच. वहीत लिहा, पण तेराव्याच्या आत मागायला जाऊ नका. फोटोच्या हाराची ऑर्डर द्यायला घरातलं कुणीतरी बहुतेक वेळा स्वतःच येतं, तेव्हा हिशोबही होऊन जातो.