जयगड: खाडीकडे पाठ करून सांगितलेल्या गोष्टी

मोबाइलवर 'जयगड किल्ला' असे शोधले की रत्नागिरीच्या तटबुरुजांत मिसळून राजस्थानातल्या आमेरच्या जयगडाची छायाचित्रे हमखास येतात. त्यांच्यासोबत एक अवाढव्य तोफ येते आणि गडावर पुरलेल्या खजिन्याची चटकदार गोष्टही. ही तोफ म्हणजे सवाई जयसिंगाच्या काळात, १७२० मध्ये ओतलेली 'जयवाण'. खजिन्यासाठी खोदकाम झाले ते १९७६ मध्ये, आणीबाणीत, आणि तेही जयपूरजवळच्या त्याच गडावर. आपल्या जयगडाचा या दोन्हींशी काही संबंध नाही. गोंधळात भर घालायला कोयनेच्या जंगलात तिसरा एक जयगड आहे. ट्रेकर मंडळी त्याला 'जंगली जयगड' म्हणतात, ते बरे आहे. निदान तिथे जाणारा माणूस समुद्र शोधत बसत नाही.

रत्नागिरीचा जयगड शास्त्री नदीच्या मुखाशी आहे. 'कुठे आहे' हे नीट समजून घेतले तर त्याच्याविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात. आपण किल्ल्याकडे बघतो ते राजांच्या नावांतून: कोणी बांधला, कोणी जिंकला, कोण राहिला. जयगडाकडे बघावे ते खाडीतून. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगड, वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग. घाटावरचा माल ज्या ज्या खाडीतून समुद्राला मिळत होता, तिच्या तोंडाशी कोणी ना कोणी तट उभारला. शास्त्रीतून वर गेले की संगमेश्वर लागते आणि तिथून सह्याद्रीचे घाट. गलबते आत-बाहेर करणार, ती मोजायची, थांबवायची, त्यांच्याकडून जकात घ्यायची. जयगडाची नोकरी ही होती.

आता पहिला आणि सर्वांत पक्का समज: हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला. कोकणातल्या कुठल्याही तटाला हे वाक्य चिकटते आणि ते म्हणणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण महाराजांचा जन्म १६३० चा. जयगड विजापूरच्या आदिलशाहीत, सोळाव्या शतकातच उभा राहिलेला आहे. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये त्याची एक मोठी रंगतदार हकिकत आहे. विजापूरकरांच्या हातून हे ठाणे संगमेश्वरच्या नाईकाकडे गेले. त्याच्या ताब्यात सात-आठ गावे आणि सहाशेच्या आसपास माणसे. एवढ्या बळावर तो इतका डोईजड झाला, की एरवी एकमेकांच्या जिवावर उठणारे पोर्तुगीज आणि विजापूरकर त्याच्याविरुद्ध एकत्र आले, आणि एकदा नव्हे तर १५८३ आणि १५८५ अशा दोन मोहिमा त्याच्यावर काढाव्या लागल्या. दुसरी काढावी लागली यावरून पहिलीचे काय झाले असेल ते ओळखावे. खरे तर या नाईकावर एखादे नाटक यायला हवे होते. पण तो ना मराठेशाहीचा, ना सुलतानांचा, म्हणून कोणीच त्याला आपला म्हटले नाही.

त्या गॅझेटियरनेच त्याला चाचा ठरवले आहे. पुढे कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रजांनी हाच शिक्का मारला आणि तो अजून पुसला गेलेला नाही. इथे हिशेब सरळ आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगिजांनी अरबी समुद्रातल्या जहाजांना 'कार्ताझ' नावाचा परवाना घेणे भाग पाडले होते. परवाना नसेल तर जहाज जप्त. कान्होजींनी स्वतःचे दस्तक काढले आणि ते न घेणारी जहाजे पकडली. दोघांचे काम एकच. एकाला आपण आरमारी सत्ता म्हणतो आणि दुसऱ्याला चाचा, कारण कागद कोणी लिहून ठेवले, हा प्रश्न आपण विचारत नाही. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने १७१३-१४ च्या सुमारास शाहू महाराजांशी त्यांचा तह झाला. त्यात त्यांच्याकडे जे दहा प्रमुख किल्ले राहिले त्यांत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्या पंक्तीला जयगडाचे नाव आहे. म्हणजे कागदोपत्री, राजाच्या संमतीने दिलेला किल्ला. याला चाचेगिरीचा अड्डा म्हणणे जड जाते.

 

किल्ल्यातल्या पडक्या मजली वाड्याला 'कान्होजींचा महाल' म्हणतात. म्हणावे. पण आंग्र्यांचे मुख्य ठाणे अलिबागजवळचा कुलाबा होते आणि कान्होजींची समाधीही अलिबागेतच आहे. मराठ्यांच्या गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस अशी कायम राहणारी माणसे असत आणि गडावरचा वाडा म्हटले की आधी त्यांचे घर आणि कचेरी डोळ्यांपुढे आणावी. महाल म्हटले की पर्यटक झुंबरे शोधतो आणि चार भिंती बघून हिरमुसतो. त्यापेक्षा जकातीचे हिशेब, कोठारे आणि पहारा यांची कल्पना केली तर त्या भिंतींत बघण्यासारखे बरेच आहे.

सगळ्यांत हळवी गोष्ट जयबाची. बांधकाम चालू असताना बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता. नरबळी दिल्याशिवाय तो टिकणार नाही असे ठरले. महार समाजातला जयबा नावाचा तरुण पुढे झाला, पायात गाडला गेला, आणि त्याच्यावरून किल्ल्याला जयगड म्हणू लागले. गडावर त्याचे स्मारक आहे, लोक तिथे हात जोडतात. आता वस्तुस्थिती. अशी कथा एकट्या जयगडाची नाही. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची गोष्ट जवळपास हीच आहे, तिथे बहिरनाकाने आपला मुलगा आणि सून दिली असे सांगतात. देशोदेशींच्या पूल, धरणे, तटबंद्यांना अशा कथा लागलेल्या आहेत. त्यामुळे 'अमुक बुरुजाखाली जयबा आहे' हे इतिहास म्हणून छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण म्हणून ती बाष्कळ दंतकथा म्हणून झटकून टाकणे हाही गैरसमजच, आणि माझ्या मते जास्त वाईट. जयगड आणि पुरंदर या दोन्ही कथांतला एक तपशील सारखा आहे: बळी जाणारा माणूस कोणत्या समाजातला असतो. बांधणाऱ्या सुलतानाचा, नाईकाचा किंवा सरदाराचा मुलगा कधी पायात जात नाही. किल्ले कोणाच्या श्रमावर आणि कोणाच्या जिवावर उभे राहिले, याची आठवण दप्तरांनी ठेवली नाही, ती या कथेने ठेवली.

आणि बुरूज ढासळत होता, यात नवल काय? बुरूज म्हणजे भरीव दगड नव्हे. बाहेरून घडीव चिऱ्यांची भिंत, आत माती आणि दगडगोट्यांची भर. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. पाणी भरीत मुरले की माती जड होते आणि बाहेरच्या भिंतीला आतून रेटा देते. पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नसेल तर भिंत आधी पोटातून फुगते आणि मग एका रात्रीत बसते. ज्याच्या उताराच्या आवारातला गडगा आषाढात कोसळला आहे, त्याला यात बळीची गरज वाटणार नाही. उपाय एकच, पाया खडकापर्यंत नेणे आणि पाण्याला वाट देणे.

चिऱ्यावरून दुसरा गैरसमज आठवला. देशावरून येणाऱ्यांना तांबड्या, छिद्रांनी भरलेल्या जांभ्याचा तट बघून वाटते, हा कच्चा दगड, काळ्या पाषाणाची सर याला नाही. तटाजवळ जाऊन एक चिरा नीट बघावा. उन्हापावसाने त्यावर काळे पूट चढलेले असते, शेवाळ सुकून त्याची साल झालेली असते. जिथे कोपरा नुकताच फुटला आहे तिथे आतला विटकरी-पिवळा रंग दिसतो आणि मधमाश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्यासारखी भोके. पण कडा बघा. कित्येक चिऱ्यांच्या कडा अजून सरळ आहेत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने तासून हवा तसा चौकोनी करता येतो, आणि हवा-ऊन लागले की टणक होत जातो. काळा दगड फोडायला आणि घडवायला जो वेळ आणि पैसा लागतो, त्याच्या अंशात जांभ्याचे काम होते, आणि दगड तर पायाखालच्या सड्यातच मिळतो. खाडीच्या तोंडाशी घाईने ठाणे उभारायचे असताना याहून शहाणी निवड नव्हती.

जाणकार म्हणवणारे आणखी एक वाक्य ऐकवतात: आपले बुरूज गोल, म्हणजे तोफांच्या युगात मागासलेले. हे अर्धसत्य आहे, म्हणून जरा थांबून बघू. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात एक कोपरा असा राहतो, जो शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही. शत्रू तिथे पोचला की त्याच्यावर मारा करता येत नाही. यावर तोड काढली ती इटलीतल्या स्थापत्यकारांनी. बुरूज बाणाच्या टोकासारखा कोनाकृती केला की शेजारचे दोन बुरूज त्याच्यापुढची जागा पूर्ण माऱ्याखाली ठेवतात. व्हेनिसने १५९३ मध्ये पाल्मानोव्हा नावाचे अख्खे शहरच असे वसवले: मधोमध षट्कोनी चौक, त्यातून फुटणारे रस्ते आणि भोवती नऊ टोकांची तटबंदी. संगमेश्वरचा नाईक पोर्तुगिजांना दमवत होता, त्याला तेव्हा आठ-दहा वर्षे झाली होती. पोर्तुगिजांनी ही पद्धत आपल्या किनाऱ्यावर आणली, वसईच्या तटात ती आजही दिसते. ती इथल्या लोकांना ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही, वसई काही चंद्रावर नव्हती.

पण पाल्मानोव्हा सपाट मैदानात आहे. चारी बाजूंनी फौज आणि तोफा घेऊन चालून येता येते, म्हणून तिथे तो भूमितीचा खटाटोप. जयगडाला समोरून येणारा शत्रू गलबतात असतो. डुलत्या लाटेवरून त्याला वर, टेकाडावरच्या तटाकडे नेम धरायचा असतो आणि गडावरून मारा खाली होतो. राहिली जमिनीची बाजू. तिकडे खंदक खणलेला आहे आणि दरवाजा दोन बुरुजांच्या बेचक्यात असा दडवलेला आहे, की तोफ सरळ रोखायला जागाच मिळू नये. आत शिरल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या. वरचा बालेकिल्ला तोफांसाठी आणि खाली पाण्यालगतचा पडकोट गलबतांवर नजर ठेवायला. ज्याने ही जागा आखली त्याला आपला शत्रू कुठून येणार हे पक्के माहीत होते.

याच कारणाने जयगडाला 'जलदुर्ग' म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग हे जलदुर्ग: चहूबाजूंनी पाणी, होडीशिवाय पोचता येत नाही. जयगडाला गाडीने जाता येते, आणि जमिनीकडून धोका आहे म्हणूनच तर खंदक आहे.

आणि खाडीखालून जाते असे सांगतात त्या भुयाराचे काय? कोकणात भुयार नसलेला किल्ला अजून कोणी दाखवलेला नाही. जयगडापुरते एवढेच सांगतो, की पाणी झिरपणाऱ्या सच्छिद्र जांभ्यातून खाडीच्या तळाखाली बोगदा काढणे आणि तो कोरडा ठेवणे त्या काळच्या कोणालाही शक्य नव्हते. आणि गरजही काय? होडी होती की.

'इंग्रजांनी तोफा डागून किल्ला पाडला' हे वाक्यही पडझड बघून सुचलेले आहे. १७५५-५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचा पाडाव केला, हा पट्टा पेशव्यांकडे आला, आणि पेशवाई बुडाल्यावर जून १८१८ मध्ये, अंजनवेल पडल्यापाठोपाठ, जयगडाने शरणागती पत्करली. इथे लढाई झाली नाही. आज जे ढासळलेले दिसते ते बेवारसपणाने: भेगांत रुजलेले वड-पिंपळ, बुजलेल्या पाण्याच्या वाटा आणि दोनशे पावसाळे. समुद्राकडच्या टोकावरचे ओतीव लोखंडाचे दीपगृह बघूनही काही जण 'शिवकालीन टेहळणी मनोरा' असा फोटो टाकतात. ते १९३२ चे आहे.

जयगड बंदर म्हटले की अलीकडे लोकांना जिंदल कंपनीचे बंदर आणि शेजारचा वीजप्रकल्प आठवतो आणि बंदर त्यांनीच इथे आणले असे वाटते. धक्के, क्रेन, कोळसा हे नवे, खासगी बंदर सुरू झाले २००९ मध्ये. पण खाडीच्या तोंडाशी वाऱ्यापासून आडोसा आणि पुरेसे पाणी हे सोळाव्या शतकातही तसेच होते.

गणपतीपुळ्याहून येणारे बहुतेक जण तासाभरात तट चढून, फोटो काढून परत फिरतात. त्याऐवजी जेटीवर उतरावे आणि फेरीबोटीने पलीकडे तवसाळला जावे. तिथे विजयगड नावाचा लहान किल्ला आहे. एका किनाऱ्यावरून निसटलेले गलबत दुसऱ्याच्या टप्प्यात यावे अशी ही जोडी होती. किती रुंद पाणी हे दोघे मिळून अडवत होते ते बोटीतच कळते, किल्ल्यावरून नाही. फक्त परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या. ती चुकली तर रस्त्याचा वळसा बराच लांबचा आहे.