आधी ब्रेक

“दाबा मामा.”

मी ब्रेकचं पेडल दाबतो.

“धरा. सोडू नगासा.”

उजव्या मागच्या चाकाच्या जागी, गाडीखाली अर्धा गडप झालेला भाच्याचा कोल्हापूरचा मित्र पाना थोडासा फिरवतो. माझ्या पायाखालचं पेडल खाली सरकत जातं आणि एका लाकडी ठोकळ्यावर येऊन टेकतं. ठोकळा भाच्यानं मुद्दाम ठेवलाय. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबरी सील रोज जेवढी ये-जा करतात तेवढाच भाग घासून गुळगुळीत राहिलेला असतो. त्याच्या पुढे वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना पेडल पार तळाला नेलं की सील त्या गंजावरून फरफटतात आणि काल ठणठणीत असलेला सिलिंडर उद्या गळायला लागतो.

“आता सोडा.”

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, शनिवारची सकाळ, गॅरेजचं दार वर गुंडाळलेलं. चार स्टँडवर चाकं काढलेली लाल माझदा मियाटा उभी आहे, 1992 सालची. मी तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसलोय. मला गाडीतलं फार कळतं म्हणून नव्हे, तर या कामाला दोन माणसं लागतात आणि तिसऱ्याला, म्हणजे भाच्याला, वरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल संपू न देण्याकडे लक्ष ठेवायचंय. टाकी रिकामी झाली की नव्यानं हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी येतं ते टपरीवरच्या कोऱ्या चहासारखं काळपट. त्यात बारीक बुडबुडे. मग रंग फिकटत जातो आणि शेवटी नळीत काही आहे की नाही असं वाटण्याइतकं स्वच्छ ऑइल येतं. मित्र पाना आवळतो, नळी काढतो, निपलवर रबरी टोपी बसवतो आणि पाठीवर सरपटत डाव्या बाजूला जातो. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, मग जवळजवळ येत जायचं.

“टाकीत दिसायला तर बरं होतं की ते ऑइल,” मी म्हणतो.

“मामा, ते दिसण्यावर नसतं,” भाचा टाकीवरून मान न वळवता सांगतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं. नवं डॉट-4 ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल प्यायलेलं 155ला उकळू शकतं, आणि प्रमाणानुसार तेवढी घसरण धरलेलीच आहे. घाट उतरताना कॅलिपर तापतो, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. तुमचा पाय सगळा जोर त्या वाफेवर खर्च करतो आणि पॅडपर्यंत काही पोचतच नाही.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर मी वेगळंच काही डोळ्यांसमोर आणून इथे आलो होतो. मोठा टर्बो, मोठा सायलेन्सर, मोठा आवाज. भाच्याच्या फळीवर रबरी बुश आहेत, होज पाइप आहेत, ग्रीसचे डबे आहेत.

“इंजिनात काय घातलंस?”

“एअर फिल्टर. कंपनीचाच.”

या राज्यात या वयाच्या गाडीला दर दोन वर्षांनी धुराची परीक्षा असते. गाडी रोलरवर पळवून धूर मोजतात आणि बॉनेट उघडून सुटे भागही तपासतात. बाहेरचा काही भाग बसवला असेल तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. त्यामुळे इंजिनाशी फार खेळायची सोय नाही. पण मला वाटतं, सोय असती तरी भाचा खेळला नसता. 1.6 लिटरचं इंजिन, 116 अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन जेमतेम एक टन. या हिशेबाला हात लावावासा वाटत नाही, असं तो म्हणतो, आणि म्हणताना त्याचा आवाज जरा हळवा होतो.

गाडी हिरोशिमात बनली असली तरी तिची रेखाटनं इथलीच, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनची. माझदाच्या तिथल्या स्टुडिओचा आराखडा जपानमधल्या आराखड्यांवर मात करून निवडला गेला. फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. तोवर लहान, हलक्या, उघड्या टपाच्या दोन सीटांच्या गाड्या जवळपास संपल्याच होत्या. जुन्या इंग्लिश गाड्या लोकांना आवडायच्या, पण त्यांच्यातून तेल गळायचं आणि पावसात त्या सुरू व्हायच्या नाहीत. या गाडीनं ती आवड ठेवली आणि कटकट काढून टाकली. 2016 साली दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

म्हणजे दोष नव्हते असं नाही. भाचा मला पुढे वाकायला लावतो आणि बॅटरीच्या उजेडात क्रँकची पुली दाखवतो.

“खाचा मोज.”

आठ आहेत. चार असत्या तर गाडी घेतलीच नसती, तो सांगतो. सुरुवातीच्या, 1990 आणि 91च्या काही काळापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं टोक आखूड होतं. पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही की तिथली चावी हलू लागते, तिची खाच रुंदावत जाते, टायमिंग ढळतं. आठ खाचांची पुली म्हणजे सुधारलेला, लांब टोकाचा शाफ्ट. टायमिंग बेल्ट मात्र दर साठ हजार मैलांनी बदलायचा. तो तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते, पण या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत नाहीत.

भाच्यानं मुळापासून बदललंय ते पाण्याचं वळण. हे इंजिन मुळात माझदाच्या 323 या साध्या गाडीच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसायचं आणि पाणी पंपाच्या विरुद्ध टोकानं बाहेर पडायचं. इथे उभं बसवताना ती वाट मागून काढून पुढे आणली. आता पंपही पुढे आणि बाहेर पडायचं दारही पुढे, म्हणून सगळ्यात मागच्या, चौथ्या सिलिंडरकडे पाण्याचा ओघ कमी. बाजारहाटाला काही फरक पडत नाही. घाटात सलग ताणलं की पडतो. भाच्यानं थर्मोस्टॅट इंजिनाच्या पाठीमागे नेलाय आणि तिथून जाड नळी रेडिएटरपर्यंत आणलीय. जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या काळ्याच्या तपकिरी झाल्या होत्या. त्या तपकिरी झाल्या की कधीतरी तडकणार हे ठरलेलं, म्हणून रेडिएटरही नवा.

“आणि हे,” गाडीखालून आवाज येतो, “हे बघायला खाली यायला लागतंय.”

मी खाली जात नाही, वाकून बघतो. चारही चाकांना वरखाली दोन-दोन आर्म, आणि त्यांच्या टोकांना काळे कुळकुळीत नवे बुश. जुने एका परातीत पडलेत. मी एक उचलतो. रबर दगडासारखं कडक, कडेनं भेगाळलेलं, आणि आतली लोखंडी नळी मधोमध राहिलेली नाही, एका बाजूला झुकलीय. एवढ्याशा झुकण्यानं चाक वळणात आपल्या मनानं दिशा बदलतं. लोक आधी गाडी खाली बसवतात, दिसते छान म्हणून. या गाडीच्या सस्पेन्शनला मुळात प्रवास थोडा. फार खाली बसवली की ती शॉकअपच्या रबरी थांब्यांवरच टेकून चालते आणि प्रत्येक खड्ड्यात उडते. भाच्यानं बोटभरच खाली घेतलीय.

डाव्या पुढच्या चाकाचं काम संपतं. आता पेडल वरच घट्ट थांबतं, ठोकळ्याची गरजच नाही. चाकं चढतात, नट आडव्या-तिडव्या क्रमानं टॉर्क रेंचनं आवळले जातात. टक्, टक्. मित्र हात धुतो.

आता घाटात चाचणी. गाडीत दोनच सीट. म्हणून मित्र मागून बायकोची मिनीव्हॅन घेऊन येतो. तिची ताकद या लाल गाडीच्या दुपटीहून जास्त आहे, हे तो मला दोनदा ऐकवतो.

सॅन होजेच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टनचा रस्ता सुरू होतो. वर लिक वेधशाळा, सुमारे 1,280 मीटरवर. 1876 साली हा रस्ता झाला तो दुर्बिणीचं सामान घोड्यांच्या गाड्यांतून वर न्यायला. घोडे दमू नयेत म्हणून चढ साडेसहा टक्क्यांच्या आत ठेवला, आणि तो ठेवायचा तर डोंगराला वळसे घालत जाण्यावाचून इलाज नव्हता. घोड्यांची ती काळजी 116 अश्वशक्तीच्या गाडीला आजही लागू पडतेय, हे मला भारी वाटतं. (वेधशाळेला ज्यानं पैसे दिले तो जेम्स लिक तिथेच दुर्बिणीखाली पुरलेला आहे.)

टप खाली. तिसरा गिअर. वळण दिसतं, गाडी सरळ असतानाच भाचा ब्रेक लावतो, सोडतो, मग वळवतो, आणि वळणाच्या मध्यापासून हळूहळू अ‍ॅक्सिलरेटरवर पाय देतो. काटा बघतो तर वेग काहीच नाही, आपल्या घाटात एसटी याहून जोरात येते. पण बूड जमिनीला लागून आहे, वाळलेल्या गवताचा वास सरळ नाकात येतोय आणि रस्त्यावरचा प्रत्येक डांबरी ठिगळ मला पाठीतून कळतंय. सरळ पट्ट्यात मिनीव्हॅन आरशात मोठी होत येते, वळणात आरसा रिकामा होतो. पुढे एक सायकलस्वार घामाघूम होऊन चढतोय. भाचा त्याच्या मागे शांतपणे दुसऱ्या गिअरमध्ये राहतो, समोरचं सगळं दिसेपर्यंत.

“आवाज ऐकू येतोय?” तो विचारतो.

“कसला?”

“कसलाच नाही. मागच्या महिन्यात इथे मागून टक टक यायची.”

वर कॉफी पिऊन आम्ही परत निघतो. उतारावर भाचा गिअरात गाडी धरून ठेवतो, ब्रेकला कामापुरताच पाय लावतो, पेडल पहिल्या वळणावर जसं होतं तसंच आहे. ग्रँट पार्कजवळ आरसा बराच वेळ रिकामा राहतो, म्हणून आम्ही बाजूला थांबतो. मिनीव्हॅन येते ती दबकत, आणि तिच्याआधी जळका वास येतो. पुढच्या चाकातून पांढरा धूर निघतोय.

मित्र खिडकी खाली करतो. “पेडल मऊ झालंय की रं. तळालाच चाललंय.”

“लो गिअर टाकला होतास?”

“ऑटोमॅटिक हाय ती.”

“ऑटोमॅटिकलापण असतो. ब्रेक ऑइल कधी बदललंयस?”

सकाळभर दुसऱ्याच्या गाडीखाली पडून चारही चाकांची हवा काढलेला माणूस थोडा वेळ स्टिअरिंगकडे बघत राहतो.

“ह्या गाडीचंपण बदलायचं असतंय व्हय?”

त्यानं पाण्याची बाटली उचललेली पाहून भाचा ओरडतो, “ओतू नको! डिस्क वाकेल. गार होऊ दे आपोआप.”

“किती वेळ?”

“हात लावून बघ.”

“मी न्हाई लावत. मामा, तुम्ही बघता?”