तास उडवा, पण नीट मांडा!

भाईंदर पूर्वेच्या खारीत गच्चीवर उभं राहून विमानं बघता बघता पायलट व्हायचं ठरवलंय? मग कॉकपिटइतकीच दोस्ती डिजिटल लॉगबुकशी करा. कमर्शिअल पायलट लायसन्ससाठी डीजीसीएला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून. हे तास सिद्ध होतात ते तुमच्या नोंदींवरच.

पहिली गफलत टिंबाची. दीड तास म्हणजे १:३० किंवा १.५. दशांशाच्या रकान्यात १.३० टाकलंत, तर अ‍ॅप ते १ तास १८ मिनिटं धरणार. १२ मिनिटं गेली! अशा ५० नोंदी झाल्या की चक्क १० तास गायब. इंधनाचा खर्च आठवून बघा.

दुसरी गफलत घड्याळाची. विमानांचं जग यूटीसीवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. २ तारखेला पहाटे साडेचारचं उड्डाण यूटीसीत १ तारखेच्या २३:०० ला जातं. वेळ बदललीत, तर तारीखही बदला.

तिसरी मात्र गफलत नाही, मोह आहे. इन्स्ट्रक्टर शिकवत होते, तर ते ‘ड्युअल’च, तिथं ‘कमांड’ लिहायचं नाही. २०११ मध्ये बनावट कागदपत्रांवर लायसन्स मिळवणारे पायलट पकडले गेले होते, हे विसरू नका.

म्हणून नोंद त्याच संध्याकाळी करा आणि बेरीज तपासा. उद्या तुमच्या मागे बसलेले प्रवासी याच आकड्यांच्या भरवशावर निवांत झोपणार आहेत.