दूरध्वनीच्या नोंदी कशा गोळा होतात?

जुन्या दूरध्वनी केंद्रात प्रत्येक ग्राहकासाठी एक लहानसा मीटर असे. फोन लागला की त्याचा आकडा एकाने पुढे सरके. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये भारतातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि लांबच्या फोनसाठी हाच मीटर भराभर पळू लागला. अंतर जितके जास्त, तितकी त्याला मिळणारी स्पंदने जवळजवळ. काही दिवसांनी मीटर वाचायचे, मागचा आकडा वजा करायचा आणि बिल पाठवायचे, अशी पद्धत होती. बिल अवाच्या सवा आले की ग्राहक भांडायला येई, आणि केंद्राकडे त्याला द्यायला फारसे उत्तर नसे. मीटरला फक्त एकूण आकडा ठाऊक. कोणता फोन कधी आणि कुठे झाला, हे त्याला सांगता येत नसे.

संगणकाच्या आज्ञेवर चालणारी केंद्रे आल्यावर हे बदलले. अमेरिकेत असे पहिले मोठे केंद्र न्यू जर्सी राज्यात १९६५ साली सुरू झाले. भारतात १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने देशी इलेक्ट्रॉनिक केंद्रे तयार केली. फोन जोडण्याचे आणि तोडण्याचे काम संगणकच करत असल्यामुळे तो प्रत्येक फोनची एक ओळ लिहून ठेवू शकतो: फोन कोणत्या क्रमांकावरून झाला, कोणत्या क्रमांकाला झाला, केव्हा सुरू झाला, किती सेकंद चालला, कोणत्या लाइनवरून गेला. मोबाइल असेल तर मनोऱ्याचा क्रमांकही. बोललेला एकही शब्द या नोंदीत नसतो.

हे काम विद्यार्थ्यांना दाखवता यावे म्हणून आम्ही एक छोटे प्रात्यक्षिक सॉफ्टवेअर रचले. त्यासाठी कचेरीतल्या ईपीएबीएक्सचा, म्हणजे अंतर्गत दूरध्वनी यंत्राचा, नमुना घेतला. या यंत्राच्या सिरियल पोर्टमधून प्रत्येक फोननंतर एक ओळ बाहेर पडते. ओळ ८० अक्षरांची आणि वेग सेकंदाला ९६०० बिट धरू. एका अक्षराला सुरुवात-शेवटाच्या खुणांसह १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे, अर्थात १२ ओळी. कोणत्याही कचेरीत सेकंदाला बारा फोन संपत नाहीत. तेव्हा अडचण वेगाची नाही.

अडचण अशी, की साध्या यंत्रात ही ओळ एकदाच येते. ती घेणारा संगणक बंद असला, वायर निघाली किंवा आज्ञावली दुसऱ्या कामात अडकली, तर ओळ गेली ती गेली. यंत्र पुन्हा विचारत नाही. म्हणून आज्ञावलीचे आम्ही दोन तुकडे केले. पहिला तुकडा जवळजवळ मठ्ठ आहे: आलेली ओळ जशीच्या तशी डिस्कवर लिहायची, एवढेच त्याला येते. अर्थ लावणे, चुका शोधणे, तक्त्यात भरणे हे सारे दुसरा तुकडा सवडीने करतो. दुसरा बंद पडला तरी मूळ ओळी शाबूत राहतात आणि त्यांवरून तक्ता पुन्हा बांधता येतो. मठ्ठपणा हा इथे गुणच आहे.

साठवतानाही काही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दूरध्वनी क्रमांक दिसतो संख्येसारखा, पण ती संख्या नव्हे. ०२२ हा मुंबईचा संकेतांक संख्या म्हणून साठवला तर संगणक त्याचा २२ करतो आणि सुरुवातीचे शून्य नाहीसे होते. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, ते अक्षरे म्हणूनच साठवावे. (विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांकही याच जातीचे!) दुसरे असे, की नोंद फोन संपल्यावर तयार होते. दहा वाजता सुरू होऊन तासभर चाललेल्या फोनची ओळ साडेदहाच्या दोन मिनिटांच्या फोननंतर येते. ओळींचा क्रम हा फोन सुरू होण्याचा क्रम मानला तर हिशेब बिघडतो. रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी सुरू झालेला दहा मिनिटांचा फोन कोणत्या तारखेचा, हेही आधी ठरवावे लागते. सुरुवातीची वेळ आणि कालावधी सेकंदांत साठवले, की शेवट केव्हाही काढता येतो.

आता प्रश्न उरतो तो नोंदी आणायच्या कुठून. शाळेच्या किंवा ओळखीच्या कचेरीच्या खऱ्या नोंदी मागून घेणे सर्वांत सोपे; पण तसे करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी आठशेहून अधिक स्वयंसेवकांच्या नोंदी अभ्यासल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील एकाला हृदयरोगतज्ज्ञांकडून मोठा फोन आला होता, तो प्रयोगशाळेशी आणि औषधाच्या दुकानाशी थोडे बोलला होता आणि हृदयाची लय नोंदवणाऱ्या उपकरणाच्या मदत क्रमांकालाही त्याने फोन केले होते. आजार कोणता, हे सांगायला संभाषण ऐकावे लागत नाही. भारतात अशा नोंदी कंपन्यांनी किमान एक वर्ष जपाव्यात अशी परवान्याची अट होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची करण्यात आली. उलट युरोपात नोंदी जपण्याची सक्ती करणारा २००६ चा निर्देश तेथील न्यायालयाने २०१४ साली रद्द ठरवला.

क्रमांकांच्या जागी सांकेतिक अक्षरे घातली तर भागेल का? फारसे नाही. दहा अंकी क्रमांक सर्व मिळून १००० कोटीच असू शकतात. संकेत बनवण्याची रीत कळली आणि संगणक सेकंदाला एक कोटी क्रमांकांचे संकेत काढू लागला, तर १००० सेकंदांत, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत, सगळे क्रमांक तपासून होतात.

म्हणून फोन कृत्रिम घडवले. त्यासाठी डेन्मार्कचे गणिती आग्नेर क्रारुप एरलांग यांचे काम उपयोगी पडते. फोन यदृच्छेने येतात तेव्हा त्यांची संख्या प्वासाँच्या नियमाने मोजता येते, हे त्यांनी १९०९ साली दाखवले. समजा, तासाला सरासरी ६० फोन येतात आणि प्रत्येक सरासरी तीन मिनिटे चालतो. म्हणजे तासात १८० मिनिटांचे बोलणे; ६० ने भागले की ३. या भाराला ३ एरलांग म्हणतात. मग तीन लाइन पुरतील असे वाटते. पण फोन रांगेत शिस्तीने येत नाहीत. एरलांग यांच्या सूत्राने तीन लाइन असताना शंभरांपैकी सुमारे ३५ फोनना सर्व लाइन व्यस्त आढळतात. सहा लाइन दिल्या तर सुमारे ५ फोनना.

अशा न लागलेल्या फोनची ओळ पुष्कळ यंत्रे देतच नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब फोन घडवणाऱ्या आज्ञावलीनेच ठेवावा. एक संगणक यंत्राचे सोंग घेऊन ओळी पाठवील, दुसरा त्या साठवील. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्यावा आणि मध्येच एखाद्या विद्यार्थ्याला वायर उपटायला सांगावी. किती ओळी गेल्या आणि नेमक्या कोणत्या, ते अनुक्रमांकांतील खिंडारावरून लगेच दिसते.